‘व’ की ‘वा’ : इफ्ताहाच्या मुलीच्या मृत्यूमागची पार्श्वभूमी

हिब्रू शास्त्रांत अकाली गेलेली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक एक-दोन वाक्यांत येऊन जातात. बैल अडखळले म्हणून देवाच्या कराराचा कोश (पवित्र पेटी) सावरायला गेलेला उज्जा जागच्या जागी मेला. यराबामाचा आजारी मुलगा अबीया, संदेष्ट्याला विचारून परतलेल्या आईने उंबऱ्यावर पाऊल ठेवले त्याच क्षणी गेला. यरीहो पुन्हा बांधायला निघालेल्या हिएलाचा थोरला मुलगा पाया घालताना गेला, धाकटा वेशीची दारे बसवताना. रिस्पाच्या दोन मुलांना शौलाच्या जुन्या अपराधापायी टांगले आणि ती माउली जवाच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत प्रेतांवरची पाखरे हाकत बसली. या सगळ्यांना निदान नाव तरी आहे. ज्या मृत्यूवर पुढच्या दोन हजार वर्षांत सर्वांत जास्त शाई खर्च झाली त्या मुलीला नाव नाही. बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकात ती ‘इफ्ताहाची मुलगी’ म्हणून येते आणि तशीच जाते.

गोष्ट ११व्या अध्यायात आहे. त्यातली लढाई, अम्मोनी राजाशी झालेली लांबलचक निरोपानिरोपी, गिलादच्या वडीलधाऱ्यांनी हाकललेल्या इफ्ताहालाच सरदार म्हणून पुन्हा बोलावून आणणे, हे सगळे इथे बाजूला ठेवू. आपल्याला हवीत ती ३०वी आणि ३१वी ओवी. इफ्ताह नवस बोलतो: अम्मोन्यांना माझ्या हाती दिलेस, तर मी सुखरूप परतताना माझ्या घराच्या दारातून जे कोणी मला सामोरे येईल ते परमेश्वराचे होईल, व मी त्याचा होम करीन. तो जिंकतो, वीस गावे घेतो, मिस्पाला परततो. दारातून डफ वाजवत, नाचत एकुलती एक मुलगी बाहेर येते. बाप कपडे फाडतो, आणि पहिला दोष तिलाच देतो: तू मला पार खाली वाकवलेस. ती म्हणते, तुम्ही शब्द दिलाय, तो पाळा. मला फक्त दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरांत जाऊन माझ्या कौमार्यासाठी रडू द्या. दोन महिन्यांनी ती परत येते. पुढचे वाक्य असे: ‘त्याने जो नवस केला होता, तो त्याने तिच्या बाबतीत फेडला.’ सुरी नाही, लाकडे नाहीत, आग नाही. शेवटी एवढेच, की इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी जात.

मग मुलगी खरेच मेली का, या वादाची सारी इमारत ‘व मी त्याचा होम करीन’ यातल्या ‘व’वर उभी आहे. हिब्रूत हे एकच अक्षर आहे, वाव, आणि ते पुढच्या शब्दाला चिकटून येते. उच्चार आणि अर्थ दोन्ही आपल्या ‘व’सारखेच, ही मराठी वाचकाची सोय. त्यात आपल्याकडे एका कान्याने ‘व’चा ‘वा’ होतो आणि ‘आणि’चा ‘किंवा’. हिब्रूत तो कानाही नाही. तेच अक्षर क्वचित ‘किंवा’ म्हणूनही चालते. बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात ‘जो आपल्या बापाला व आईला मारील’ त्याला देहदंड सांगितला आहे. तिथे दोघांनाही मारल्याशिवाय शिक्षा नाही असे कोणी म्हणत नाही. मग इथेही ‘किंवा’ का नको? दारातून बाहेर येणारे परमेश्वराचे होईल, किंवा होमाला चालण्याजोगे असेल तर त्याचा होम करीन. मेंढा आला तर होम, माणूस आले तर देवाला वाहिलेले. म्हणजे मुलगी मेली नाही, तिला आयुष्यभर लग्नावाचून एकटीने राहावे लागले, असे हे वाचन.

हे वाचन फार जुने असेल असे वाटते, पण तसे नाही. पहिल्या शतकात रोममध्ये बसून ग्रीकमध्ये आपल्या लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या ज्यू इतिहासकाराला काहीच शंका नव्हती. त्याने सरळ लिहिले की बापाने मुलीचा होम केला आणि तो ना शास्त्राला धरून होता ना देवाला मान्य. त्याच शतकाच्या आसपासच्या दुसऱ्या एका ग्रंथात देव संतापून विचारतो: आणि समोर कुत्रा आला असता तर? त्या ग्रंथाने तिला नावही दिले, सेइला, आणि तिच्या तोंडी डोंगरावरचा लांब विलाप घातला. अरामी भाषांतरकाराने मूळ वाक्यात एक पुरवणी जोडली: इफ्ताहाने फीनहास याजकाला विचारले नाही, विचारले असते तर त्याने मोल घेऊन तिला सोडवले असते. मोल किती? लेवीय या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात दरपत्रकच आहे. पाच ते वीस वर्षांच्या मुलीचे दहा शेकेल चांदी.

मिद्राश या जुन्या ज्यू भाष्यग्रंथातल्या ऋषींनी इथे जे लिहिले, ते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत तिखट वाक्य असावे. फीनहास म्हणाला, गरज त्याला, मी का जाऊ? इफ्ताह म्हणाला, मी गिलादचा सरदार, मी का जाऊ? ‘या दोघांच्या मध्ये पोर गेली.’ मग दोघांनाही शिक्षा झाली: याजकावरचा पवित्र आत्मा उठला आणि इफ्ताहाचे अवयव एकेक करून गळून पडले. हे दुसरे कुठून आले? १२व्या अध्यायात त्याला ‘गिलादच्या गावांत’ पुरले असे अनेकवचन आहे, म्हणून जिथे जो अवयव गळला तिथे तो पुरला. शब्दाचा काथ्याकूट म्हणावा तर आहेच, पण आपल्या सरदाराला आणि आपल्या याजकाला एकाच दावणीला बांधण्याची हिंमतही आहे. ऋषींमध्ये मतभेद होता तो एवढाच, की इफ्ताहाने मुलीच्या मोलाइतके पैसे भरायला हवे होते, की असला नवस मुळातच रद्द असल्याने तेही नको. पोर मेली याबद्दल दुमत नव्हते.

म्हणजे हजारएक वर्षे कोणी ‘वा’ वाचला नाही. तो आला इ.स. १२००च्या आगेमागे, प्रोव्हान्समधल्या नार्बोनच्या एका व्याकरणकार घराण्यातून. बापाने सुचवले, मुलाने आपल्या टीकेत उचलून धरले आणि मुलाचे नाव इतके मोठे झाले की मत त्याच्याच नावावर चढले. त्याचे म्हणणे: इफ्ताहाने तिला वेगळे घर बांधून दिले, ती माणसांपासून दूर राहिली, वर्षातून चार दिवस मुली तिच्याकडे जात. पुरावा काय? ती आपल्या जिवासाठी रडत नाही, कौमार्यासाठी रडते. आणि नवस फेडल्यावर लगेच वाक्य येते, ‘तिचा कोणा पुरुषाशी संबंध आला नव्हता’. मारलेल्या मुलीबद्दल हे कशाला सांगायचे?

पुरावा चपखल दिसतो, पण मला तो पुरत नाही. मूल न होता मरणे म्हणजे नाव मिटणे, हे त्या काळच्या माणसाला समजावून सांगावे लागत नव्हते. कौमार्यासाठी रडणे म्हणजे न जन्मलेल्या लेकरांसाठी रडणे. शिवाय जन्मभर कुमारीच राहायचे असेल तर रडायला दोन महिन्यांची मुदत मागायची गरजच काय, सगळा जन्म पडला होता. ‘किंवा’ला दोन बाजू वेगळ्या लागतात, ‘परमेश्वराचे होणे’ आणि ‘होम होणे’ या वेगळ्या बाजू नाहीत, दुसरी पहिलीचीच एक तऱ्हा आहे. आणि ‘ओला’, म्हणजे होम, हा शब्द तर कुठेच आडपडदा ठेवत नाही. अब्राहामाला इसहाकाबद्दल जी आज्ञा होते तिच्यातही तोच आहे. मवाबचा राजा वेढ्यात सापडल्यावर गावकुसाच्या भिंतीवर थोरल्या मुलाला जाळतो, तिथेही तोच.

पुढच्याच शतकात स्पेनमधल्या एका मोठ्या टीकाकाराने ‘वा’ फेटाळला. त्याचे म्हणणे आणखी कडवट: इफ्ताह शास्त्र चुकीचे वाचून फसला. लेवीयच्या त्याच अध्यायाच्या शेवटी, ‘हेरेम’ म्हणून वाहिलेले माणूस सोडवता येत नाही, ते मारलेच पाहिजे, असा नियम आहे. तो शत्रूंसाठी आणि अपराध्यांसाठी. इफ्ताहाने तो आपल्या लेकीला लावला. म्हणजे मुलगी मेली ती अज्ञानाने, आणि शास्त्रातली ओवी हातात धरून. पण लोकांना व्याकरणकाराचे वाचन भावले. चौदाव्या शतकात एका फ्रान्सिस्कन टीकाकाराच्या हातून ते ख्रिस्ती जगात गेले. तिथे ते जास्तच हवे होते, कारण इब्रीकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात इफ्ताहाचे नाव विश्वासाच्या वीरांमध्ये आहे, आणि लेकीला जाळणारा वीर पचवणे अवघड. गंमत अशी, की पश्चिमेकडच्या चर्चच्या लॅटिन भाषांतरात हा वाद उभाच राहू शकत नव्हता: त्यात ‘परमेश्वराचे होईल’ हा भागच गाळला आहे, थेट ‘त्याचा होम करीन’ आहे. ‘व’च नाही तर ‘वा’ कुठला? पंधराव्या शतकातल्या एका ज्यू मुत्सद्दी टीकाकाराने मग उलटी टिप्पणी केली, की ख्रिस्ती लोकांनी बायकांचे मठ बांधायचे शिकले ते याच मुलीवरून.

१६११च्या इंग्रजी भाषांतराने दोन्ही डगरींवर पाय ठेवले. मजकुरात ‘आणि’, समासात ‘किंवा’. चार दिवसांच्या प्रथेबद्दलही तेच: मजकुरात मुली ‘विलाप करायला’ जातात, समासात ‘बोलायला’. कारण तिथला हिब्रू शब्द ‘लेतन्नोत’ही दुर्मीळ. ते क्रियापद या पुस्तकात आणखी एकदाच येते, दबोरेच्या गीतात, आणि तिथे अर्थ आहे गाऊन सांगणे, आठवण जागवणे. ग्रीक भाषांतराने इथे विलाप केला, व्याकरणकारांनी गप्पा. हयात बाईला भेटायला जाणाऱ्या मैत्रिणींना गप्पाच शोभतात ना. गीतातला अर्थ घ्यावा तर मुली तिची गोष्ट गात होत्या, म्हणजे गोष्ट जिवंत ठेवणाऱ्या त्याच. मला हाच अर्थ बरोबर वाटतो.

त्या चार दिवसांचे पुढे काय झाले, याचे धागे तुटक आहेत. चौथ्या शतकातला एक ख्रिस्ती लेखक तक्रार करतो की शखेमात लोक कुमारी देवीला बळी देतात आणि त्याचा उगम इफ्ताहाच्या मुलीत सांगतात. मध्ययुगीन युरोपातले ज्यू वर्षातून चार वेळा, ऋतू पालटण्याच्या घटकेला, पाणी पीत नसत. त्या वेळी पाण्यात रक्त उतरते अशी समजूत होती, आणि चारांपैकी एका रक्ताचे कारण हिच्या मृत्यूत सांगत. ग्रंथांत व्याकरणाने तिला जगवले तरी पाण्याच्या घागरीपाशी ती मेलेलीच होती.

रंगभूमीलाही ती मेलेली परवडेना. १७५२ साली लंडनमध्ये झालेल्या एका गाजलेल्या संगीतरचनेत ऐनवेळी देवदूत उतरतो आणि तिला कुमारीव्रतावर सोडून देतो. तिथे तिचे नाव इफिस, ग्रीक नाटकांतल्या आगामेम्नॉनच्या मुलीच्या नावाची आठवण करून देणारे. वारे मिळावे म्हणून बापाने बळी दिलेल्या त्या मुलीलाही एका नाटकात देवीने ऐनवेळी उचलून नेले आहे. उसनी घेतली ती सुटकासुद्धा. १९८४ साली एका अमेरिकन अभ्यासिकेने हागार, तामार, लेव्याची उपपत्नी आणि ही मुलगी अशा चौघींच्या कथा एकत्र वाचल्या, तेव्हापासून चर्चा ‘व’वरून हलून तिच्या बोलण्याकडे वळली आहे. तिची वाक्ये फक्त दोन. पण मुदत ठरवणारी तीच, जागा ठरवणारी तीच, आणि सोबत बापाची नाही तर मैत्रिणींची मागणारीही तीच.

मराठीत तिला आणणाऱ्यांपुढे आणखी एक पेच होता. हिब्रूत ‘बाहेर येणारा’ पुल्लिंगी आहे, पण हिब्रूत नपुंसकलिंग नाहीच. तेच रूप माणसाला, जनावराला, वस्तूला चालते. मराठीला मात्र ठरवावे लागते. ‘जो कोणी’ म्हटले तर इफ्ताहाने जाणूनबुजून माणूस बोलला, ‘जे काही’ म्हटले तर त्याच्या मनात मेंढे-वासरे होती. बाप किती दोषी, याचा निकाल तीन लिंगांच्या भाषेत पहिल्याच शब्दात लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपासून ते केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणणाऱ्या पंडितेपर्यंत (तिचे भाषांतर तिच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, छापून आले) प्रत्येकाला हा घाट चढावा लागला. ‘नवस’ शब्द मात्र आयताच होता. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना तर तो समजावून सांगावा लागत नव्हता. एलियाहू संदेष्ट्याला बोललेला नवस ते आजही मलिद्याने फेडतात.

सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, हा अध्याय बहुतेक वर्षी वाचला जातो, तोराहच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) ‘हुक्कत’ भागाबरोबर. अम्मोन्यांशी झालेला जमिनीचा युक्तिवाद तोराहच्या त्या भागाशी जुळतो, म्हणून त्याची निवड झाली. वाचन पहिल्या ओवीपासून सुरू होते. नवसाची ३१वी ओवी वाचली जाते, विजयाची ३३वी वाचली जाते आणि तिथे थांबतात. मुलगी दारातून बाहेर येते ती ३४व्या ओवीत.