मारेकरीपट, बंदिस्त स्थळाचा

भाडोत्री मारेकरी एकाच ठिकाणी अडकून परस्परांच्या कामात आडवे येतात आणि कथानक संपत आल्याखेरीज तेथून कोणालाही निसटता येत नाही, अशा विनोदी मारधाडपटाचा प्रकार. स्थळ बहुधा धावती आगगाडी, विमान किंवा हॉटेल असते. ‘मारेकरी’ हा शब्द पहारा–पहारेकरी, वाटा–वाटेकरी या धर्तीवर ‘मारा’पासून झालेला दिसतो. ‘मारेकरी घालणे’ हा प्रयोग ग्वाल्हेरच्या वाचकाला शिंदे घराण्याच्या इतिहासातून परिचित असतो. १७५५ मध्ये नागौरजवळच्या छावणीत जयाप्पा शिंदे मारेकऱ्यांच्याच हातून मारले गेले.

या प्रकाराच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. एक मत त्याचे मूळ बंद जागेतील खुनाच्या रहस्यकथेत शोधते. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३४ मध्ये बर्फात अडकलेल्या आगगाडीत खून घडवून संशयितांना डब्यातच कोंडले होते, आणि स्थळापुरते पाहिले तर हे साम्य नाकारता येत नाही. तथापि रहस्यकथेत खून आधी होतो व शोध मागाहून चालतो. येथे खून व्हायचे असतात आणि कोणाच्या मनात काय आहे हे प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अगोदर कळलेले असते. हे लक्षण फार्सचे आहे. फ्रेंच नाटककार जॉर्ज फेदो (१८६२–१९२१) यांच्या रचनेत ज्याने ज्याला भेटू नये तोच नेमका त्या दारातून आत येतो. मराठीत पौराणिक खेळानंतर फार्स करण्याची एकोणिसाव्या शतकातली प्रथा आणि पुढे बबन प्रभू यांनी रुजवलेला पूर्ण लांबीचा फार्स ज्यांनी पाहिला वा वाचला आहे, त्यांना ही यंत्रणा उकलून सांगण्याची गरज नाही. म्हणून दुसरे, फार्सकडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

डेव्हिड लीच दिग्दर्शित ‘बुलेट ट्रेन’ (२०२२) हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. कोतारो इसाका यांच्या २०१० मधील जपानी कादंबरीवर तो आधारलेला असून, कादंबरीतील गाडी तोक्योहून उत्तरेस मोरिओकाकडे जाते, तर चित्रपटात ती क्योतोकडे वळवली आहे. गाडी स्थानकावर जेमतेम मिनिटभर थांबते. फार्समधील दाराचे काम येथे वेळापत्रक करते. ब्रॅड पिट यांच्या पात्राला हत्या करायचीच नसून केवळ एक ब्रीफकेस उचलून उतरायचे असते, आणि तेवढेच त्याला साधत नाही. शांतता पाळावयाच्या डब्यात दोघे हातघाईवर आले असता शेजारची प्रवासी बाई त्यांना ‘शुक्‌’ म्हणून दटावते व ते आवाज दाबून मारामारी चालू ठेवतात. हा एक प्रसंग या प्रकाराची बरीच व्याख्या करून जातो. लीच हे मूळचे स्टंटमन आणि पिट यांचे पूर्वीचे बदली कलाकार असल्याने अरुंद जागेतील झटापटीची आखणी नेटकी आहे. चित्रण मुख्यतः लॉस एंजेलिस येथील स्टुडिओत झाले; खिडकीबाहेर पळणारा जपान एलईडी पडद्यांवर दाखवलेला आहे.

बंदिस्तपणा भिंतींपेक्षा वेगातून येतो, हे येथे ध्यानात घ्यावे. ग्वाल्हेर–श्योपूर ही दोन फुटी नॅरोगेज गाडी २०२० मध्ये बंद पडेपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचे अंतर दिवसभर रेंगाळत कापत असे. तिच्यात एकही मारेकरी अडकून पडला नसता.

जो कार्नाहन यांचा ‘स्मोकिन एसेस’ (२००६) हॉटेलात, तर जेम्स मॅडिगन यांचा ‘फाइट ऑर फ्लाइट’ (२०२५) बँकॉकहून निघालेल्या विमानात घडतो. निखिल नागेश भट यांचा हिंदी ‘किल’ (२०२३) आगगाडीतला असला तरी त्यातील हल्लेखोर दरोडेखोर आहेत व हिंसा हसण्यावारी नेलेली नाही. त्यामुळे त्याचा समावेश या प्रकारात करणे सयुक्तिक ठरत नाही.