ॲल्युमिनिअमचा सेंट आणि टांकसाळीच्या संचालक मेरी ब्रूक्स

मेरी ब्रूक्स १९६९ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीच्या संचालक झाल्या, तेव्हा त्या आयडाहो राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, सदस्य होत्या. त्यांचे वडील आयडाहोतून आणि पती इलिनॉयमधून राष्ट्रीय सिनेटवर गेलेले असल्याने त्यांच्या नावामागील ‘सिनेटर’ या शब्दाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. त्यांचे स्वतःचे सभागृह मात्र राज्याचेच होते, आणि त्यांच्यानंतर त्या जागेवर त्यांचा मुलगा आला.

‘टांकसाळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतील टांकसाळीसारखी इमारत येते, पण या पदाच्या नावातील टांकसाळ म्हणजे एक सरकारी खाते आहे. १८७३ च्या कायद्याने ते अर्थखात्याच्या अखत्यारीत आणले आणि संचालकाचे कार्यालय फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला हलवले. तेथे नाणी पाडली जात नाहीत. शिवाय नाणे कोणत्या धातूचे असावे आणि त्यावर काय कोरावे हे मुख्यतः राष्ट्रीय विधिमंडळ कायद्याने ठरवते, त्यामुळे संचालकाला समित्यांसमोर साक्ष देऊन सभासदांची मने वळवावी लागतात. राज्याच्या विधिमंडळात काम केलेल्या व्यक्तीला हे पद का शोभले, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

डॉलरच्या नाण्याच्या वेळी याचा प्रत्यय आला. १९६५ च्या कायद्याने दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतून चांदी काढली गेली होती, पण माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची प्रतिमा असलेल्या नव्या डॉलरमध्ये चांदी असावी की नाही यावर दोन्ही सभागृहांत मतभेद होते. आयडाहो हे चांदीच्या खाणींचे राज्य असूनही ब्रूक्स यांनी वापरातील नाणे तांबे-निकेलचे ठेवण्याच्या योजनेला साथ दिली. १९७० च्या अखेरीस झालेल्या तडजोडीने व्यवहारासाठी बिनचांदीचा डॉलर आणि संग्राहकांसाठी ४० टक्के चांदीचा डॉलर, असे दोन्ही मान्य झाले. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी नाण्यांची चित्रे बदलण्याला त्यांचा सुरुवातीला विरोध होता, मात्र १९७३ मध्ये त्यांनी भूमिका बदलली आणि ‘१७७६–१९७६’ अशी दुहेरी तारीख असलेली नाणी निघाली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय सेंटचा. तेव्हाच्या सेंटमध्ये ९५ टक्के तांबे असे आणि १९७३ मध्ये तांब्याचा भाव इतका चढला की नाण्यातील धातूची किंमत त्याच्या दर्शनी मूल्याला गाठेल, आणि लोक सेंट साठवतील किंवा वितळवतील, अशी भीती निर्माण झाली. पर्याय म्हणून ॲल्युमिनिअम पुढे आले आणि कायद्याची परवानगी मिळण्याआधीच १९७४ ही तारीख असलेली सुमारे १५ लाख नाणी पाडली गेली. भारतीय वाचकाला यात विचित्र काही वाटणार नाही, कारण त्याच काळात आपल्या हातात ॲल्युमिनिअमचे पाच पैसे खुळखुळत होते. अमेरिकेत मात्र तांबे उद्योगाने आणि नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या मालकांनी विरोध केला. डॉक्टरांचा आक्षेप त्याहून गंभीर होता: मुलाने असे नाणे गिळले, तर क्ष-किरण चित्रात ते शरीराच्या मऊ ऊतींपासून सहज वेगळे दिसणार नाही.

सभासदांना धातू पटावा म्हणून ही नाणी नमुन्यादाखल वाटण्यात आली. पुढे तांब्याचा भाव उतरला, प्रस्ताव बारगळला, जवळजवळ सारी नाणी वितळवली गेली आणि वाटलेले नमुने परत मागवण्यात आले. पण काही परत आलेच नाहीत आणि त्याची चौकशी झाली. नमुन्यांची काटेकोर नोंद ठेवली नाही ही खात्याची चूक होती, हे मान्य करावे लागते. तथापि नाणे हातात दिल्याखेरीज मत देणाऱ्या सभासदाला ते कळत नाही, ही त्यामागील समज मला चुकीची वाटत नाही.

त्या वादातून टिकाऊ असे काही निघाले, याकडे सहसा दुर्लक्ष होते. १९७४ च्या कायद्याने सेंटमधील तांबे आणि जस्ताचे प्रमाण बदलण्याचा अधिकार अर्थमंत्र्यांना मिळाला. त्यामुळेच १९८२ मध्ये तांब्याचा मुलामा दिलेला जस्ताचा सेंट नव्या कायद्याविना वापरात येऊ शकला. ब्रूक्स तोवर पदावर नव्हत्या. त्यांची कारकीर्द १९७७ मध्ये संपली होती. सॅन फ्रान्सिस्कोतील जुनी टांकसाळ पाडली जाऊ नये म्हणून त्यांनी केलेली धडपडही याच कारकिर्दीतली.

डेन्व्हरमध्ये पाडलेला ॲल्युमिनिअमचा एक सेंट २०१४ मध्ये लिलावाला निघाला, तेव्हा तो सरकारी मालमत्ता असल्याचा दावा करून सरकारने तो मागितला आणि २०१६ मध्ये तो परत मिळवला. पुढे जस्ताचा सेंटही महाग पडू लागला: २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंट पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. व्यवहारासाठीचे शेवटचे सेंट नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियात पाडले गेले.