नेट गेलं म्हणून प्रिंटर बंद पडत नाही

"नेट गेलंय, प्रिंट येणार नाही." झेरॉक्सच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरं नाही.

कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले असतील, तर फाइल राउटरमार्गे थेट प्रिंटरकडे जाते, बाहेर जातच नाही. राउटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) देतो; त्यातले १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मुळात खासगी जाळ्यांसाठीच राखून ठेवलेत. विंडोज फॉर वर्कग्रुप्स या विंडोजच्या जुन्या आवृत्तीत १९९२ पासून प्रिंटर शेअर करता येत होता; तेव्हा आपल्याकडे सामान्यांना इंटरनेट मिळतच नव्हतं!

मग समज पसरला कसा? नेट गेलं की आपण पहिल्यांदा राउटर बंद-चालू करतो. कधीकधी त्यात प्रिंटरला नवा पत्ता मिळतो, कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो आणि खापर फुटतं नेटवर. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा, कटकट मिटते.

अपवाद आहेत. क्लाउडमार्गे, म्हणजे इंटरनेटवरून फाइल पाठवून, छापणारी सेवा किंवा प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेले काही प्रिंटर नेटविना अडतात. आणि प्रिंटर यूएसबीने एका कॉम्प्युटरला जोडून शेअर केला असेल, तर तो कॉम्प्युटर चालू हवा. स्लीपमध्ये गेलेला चालत नाही.