जहाजाचे आतले दार

नेरुळ, सीवूड्स, बेलापूर या पट्ट्यात ‘तो शिपवर आहे’ हे वाक्य कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. करावे गावाजवळ ‘टी. एस. चाणक्य’ ही नौकाप्रशिक्षण संस्था 1993 पासून आहे आणि तिची परंपरा 1927 साली सुरू झालेल्या ‘डफरिन’ व त्यानंतर 1972 साली आलेल्या ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजांपर्यंत मागे जाते. याच पट्ट्यातली कुटुंबे गेल्या काही वर्षांत सुट्टीसाठी प्रवासी म्हणूनही क्रूझवर जाऊ लागली आहेत. परदेशी कंपन्यांची माहितीपत्रके चाळताना त्यांना एक सवलत हमखास दिसते. वारंवार प्रवास करणाऱ्याला कंपनी जहाजाचा एरवी बंद असलेला भाग, म्हणजे ब्रिज (जहाज जिथून चालवतात ती खोली), इंजिन कंट्रोल रूम, गॅली (स्वयंपाकघर), लाँड्री, कोठारे, आतून दाखवते. दार उघडून दाखवणे हे बक्षीस कसे झाले, हे समजून घ्यायचे तर ते दार आधी बंद कधी झाले हे पाहावे लागते.

हौसेखातर समुद्रप्रवास ही कल्पना जुनी आहे. पी अँड ओ कंपनीने 1844 मध्येच साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्राच्या सहली सुरू केल्या होत्या, आणि केवळ सहलीसाठी म्हणून बांधलेले पहिले जहाज ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे हांबुर्ग-अमेरिका लाइनच्या आल्बर्ट बालिन यांनी 1901 मध्ये समुद्रात आणले. तरीही पुढची पन्नास-साठ वर्षे मोठी जहाजे प्रामुख्याने टपाल, माल आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी माणसे वाहत होती. त्या काळात वरच्या वर्गातल्या प्रवाशाने कॅप्टनकडे शब्द टाकला, तर ब्रिज किंवा इंजिनरूम पाहायला मिळणे ही अपूर्वाईची गोष्ट नव्हती. तो प्रतिष्ठित पाहुण्याला दिलेला मान होता आणि त्याचे तिकीट नव्हते.

त्या इंजिनरूममध्ये काम कोण करत होते, याचा उल्लेख क्रूझच्या इतिहासात सहसा ओझरताच येतो, आणि मला ती या इतिहासातली मोठी उणीव वाटते. पी अँड ओच्या जहाजांवर डेकवर कोकण आणि काठेवाडातले खलाशी, भोजनगृहात गोव्याची माणसे, आणि खाली भट्टीत कोळसा टाकायला आगवाले अशी वाटणी असे. सारंग, तांडेल, आगवाला, भंडारी हे शब्द इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडीही रुळलेले होते. म्हणजे वरचा पाहुणा जे जहाज कौतुकाने पाहत हिंडे, ते रत्नागिरीकडच्या कित्येक घरांचे रोजचे जगणे होते. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटींवर तर पाहणारा आणि काम करणारा यांच्यात फारसे अंतरच नव्हते. डेकवर वळकटी टाकून बसलेल्या माणसाला यंत्राची धडधड, तेलाचा वास आणि खलाशांची लगबग यांतूनच प्रवास करावा लागे. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग त्या प्रवासाने मराठीला दिला.

1958 च्या ऑक्टोबरात अटलांटिकवरून जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी जहाजांचा धंदा काही वर्षांतच बसला. जहाजे होती, प्रवासी नव्हते. मग प्रवास हेच गंतव्य मानणारा नवा व्यवसाय कॅरिबियन समुद्रात आकाराला आला. नॉर्वेजियन ही कंपनी 1966 मध्ये, रॉयल कॅरिबियन 1968 मध्ये, तर कार्निव्हल 1972 मध्ये सुरू झाली. या जहाजांवर ब्रिज पाहणे आणि गॅलीत फेरी मारणे हा कार्यक्रमपत्रिकेतला साधा भाग असे. समुद्रात घालवायच्या दिवशी नाव नोंदवायचे आणि गटाने जाऊन यायचे, त्याला पैसे पडत नसत. विमानातही तेव्हा लहान मुलांना कॉकपिट दाखवायची पद्धत होती, हे आज पन्नाशीत असलेल्या अनेकांना आठवत असेल.

या मोकळेपणाला पहिला धक्का ऑक्टोबर 1985 मध्ये बसला. इजिप्तजवळच्या समुद्रात ‘आकिले लाउरो’ या इटालियन प्रवासी जहाजाचे चार सशस्त्र पॅलेस्टिनींनी अपहरण केले आणि एका अमेरिकन प्रवाशाची हत्या केली. प्रवासी म्हणून चढलेली माणसेच जहाज ताब्यात घेऊ शकतात, हे जगाला दिसले. त्यातून 1988 मध्ये रोममध्ये समुद्री वाहतुकीच्या सुरक्षिततेविरुद्धच्या गुन्ह्यांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावरचे दैनंदिन वागणे मात्र त्यामुळे फारसे बदलले नाही.

ते बदलले 11 सप्टेंबर 2001 नंतर. अमेरिकेवरच्या हल्ल्यात वापरली गेली ती विमाने, पण परिणाम वाहतुकीच्या प्रत्येक साधनावर झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर 2002 मध्ये जहाज व बंदर सुरक्षेची नवी संहिता स्वीकारली आणि 1 जुलै 2004 पासून ती लागू झाली. आयएसपीएस या नावाने ती आपल्याकडच्या प्रत्येक खलाशाला माहीत असते, कारण त्याचा कोर्स केल्याशिवाय शिपवर जाता येत नाही. या संहितेनुसार प्रत्येक जहाजाला सुरक्षा आराखडा आणि एक सुरक्षा अधिकारी असावा लागतो, आणि जहाजाचे काही भाग ‘प्रतिबंधित क्षेत्र’ म्हणून ठरवून तिथे कोण जातो-येतो यावर लक्ष ठेवावे लागते. ब्रिज आणि यंत्रकक्ष हे ओघानेच त्यात आले. दार बंद झाले ते असे. ज्या फेऱ्या पूर्वी कुणालाही मिळत, त्या थांबल्या. रॉयल कॅरिबियनने 2006 मध्ये आणलेल्या ‘फ्रीडम ऑफ द सीज’ आणि त्या वर्गाच्या पुढच्या जहाजांवर काचेआडून ब्रिज पाहण्याची ‘पीक-अ-बू’ जागा आहे. लोकांचे कुतूहल शिल्लक होते आणि आत घेणे अवघड झाले होते, त्यातून निघालेली ती वाट आहे असे मी समजते.

आणखी एक घटना 13 जानेवारी 2012 ची. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून 32 जणांचा मृत्यू झाला. बेटाला सलामी देण्यासाठी जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले जात असताना ब्रिजवर कामाशी संबंध नसलेली माणसेही हजर होती, हे चौकशीत पुढे आले. त्यानंतर क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने त्याच वर्षी नियम केला, की जहाज अडचणीच्या पाण्यात चालवले जात असताना किंवा जास्त सावधगिरीची गरज असताना ब्रिजवर केवळ काम असलेल्यांनीच थांबावे. म्हणून आजही ब्रिजची फेरी साधारणपणे मोकळ्या समुद्रात, ठरलेल्या वेळी आणि अधिकाऱ्याच्या सोबतीनेच होते. हा नियम जाचक वाटणाऱ्यांनी जिल्योची ती रात्र आठवावी, असे मला मनापासून वाटते.

आता बक्षिसाची बाजू. नेहमीच्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याची आधुनिक पद्धत विमान कंपन्यांनी रुळवली. अमेरिकन एअरलाइन्सची ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना 1 मे 1981 रोजी सुरू झाली आणि अंतर मोजून परतावा देण्याची चाल पडली. क्रूझ कंपन्यांनी अंतराऐवजी रात्री मोजल्या. रॉयल कॅरिबियनच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’त दर रात्रीला एक गुण मिळतो आणि स्वीट, म्हणजे मोठी आलिशान खोली, घेतल्यास दुप्पट. 80 गुणांना डायमंड, 175 ला डायमंड प्लस आणि 700 ला पिनॅकल अशा पायऱ्या आहेत. सात रात्रींच्या सहली धरल्या, तर डायमंड व्हायला जवळपास बारा सहली लागतात. नॉर्वेजियनच्या ‘लॅटिट्यूड्स’ योजनेत प्लॅटिनम पायरीवरच्या प्रवाशाला मिळणाऱ्या लाभांत पडद्यामागच्या फेरीचा समावेश राहिला आहे.

कंपनीच्या हिशेबाने ही सवलत नामी आहे. फुकट पेये आणि फुकट कपडे धुणे यांचा खर्च वरच्या पायऱ्यांवरची माणसे वाढतील तसा वाढत जातो, आणि एकेका जहाजावर अशी शेकडो माणसे असली म्हणजे तो जाणवतो. फेरीला मात्र अधिकाऱ्यांचा वेळ सोडून फारसे काही लागत नाही. शिवाय ज्याने पन्नास रात्री त्याच कंपनीच्या जहाजांवर काढल्या आहेत, त्याला तलाव, नाट्यगृह आणि बुफे यांचे अप्रूप उरलेले नसते. त्याला न दिसलेली एकच गोष्ट जहाजावर शिल्लक असते, ती म्हणजे खुद्द जहाज. सुरक्षेपायी आलेल्या दुर्मिळतेला अशी किंमत चढली. ती लगोलग विकायलाही निघाली. प्रिन्सेस कंपनीने 2000 च्या दशकाच्या अखेरीस ‘अल्टिमेट शिप टूर’ माणशी 150 डॉलरला देऊ केली, कार्निव्हलने ‘बिहाइंड द फन’ आणि रॉयल कॅरिबियनने ‘ऑल अ‍ॅक्सेस टूर’ या नावांनी तसेच केले. त्यामुळे जुन्या प्रवाशाला फुकट मिळणारी, बहुधा आखूड फेरी आणि कुणालाही पैसे भरून मिळणारी, कित्येक तासांची फेरी अशा दोन जाती आज शेजारी शेजारी नांदतात.

फेरीत दाखवायचे काय, यालाही इतिहास आहे. स्वयंपाकघर दाखवायला कंपन्या पूर्वीपासून राजी असतात, कारण अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून 1970 च्या दशकापासून तिथल्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची स्वच्छता तपासणी होते आणि 100 पैकी 86 पेक्षा कमी गुण मिळाले की जहाज नापास ठरते. कचरा वेगळा करण्याची खोली दाखवण्यामागे मात्र वेगळी गोष्ट आहे. समुद्रात प्लास्टिक टाकण्यास मनाई करणारा मार्पोल या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भाग 1988 च्या अखेरीस अमलात आला, तरी तेलकट पाणी चोरून सोडल्याबद्दल आणि नोंदी खोट्या ठेवल्याबद्दल रॉयल कॅरिबियनला 1999 मध्ये 1 कोटी 80 लाख डॉलर, तर तशाच गुन्ह्यासाठी प्रिन्सेसला 2016 मध्ये 4 कोटी डॉलर दंड मान्य करावा लागला. बाटल्या, काच आणि डबे वेगवेगळे करणाऱ्या माणसांसमोर आज प्रवाशांना अभिमानाने उभे केले जाते, तेव्हा ही पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी.

फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज करोनाच्या साथीमुळे अडकून पडले, तेव्हा हा आतला भाग बातम्यांतून घरोघरी दिसला. जहाजावरच्या 138 भारतीयांपैकी 132 कर्मचारी होते. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना त्यांचे जेवण शिजवून दारापर्यंत पोहोचवणारी माणसे खालच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहत होती.

मुंबईहून नियमित सुटणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समध्ये रॉयल कॅरिबियनसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधले गेले आणि सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया क्रूझेसतर्फे इथे धावू लागले. ज्या जहाजावर कधीकाळी परदेशी प्रवाशांनी क्राउन अँड अँकरचे गुण जमवले, त्यावर आता नवी मुंबईची कुटुंबे पहिली क्रूझ करतात. दोन-तीन रात्रींच्या सहलींत पायऱ्या चढणे लांबचे आहे, आणि इथल्या प्रवाशाला आतल्या दाराची ओढ लागायला अजून काही वर्षे जावी लागतील असे दिसते.

मला ते दार एकदा पाहता आले, एका परदेशी जहाजावर, माझ्या बहिणीच्या गुणांवर. गालिचा संपतो तिथे एक साधे जाड दार असते. पलीकडे रंग दिलेली लोखंडी जमीन, डोक्यावर उघडे पाइप आणि जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा रुंद बोळ. अमेरिकन जहाजांवर त्याला महामार्गाच्या नावाने ‘आय-95’ म्हणतात, ब्रिटिश जहाजांवर ‘बर्मा रोड’. लाँड्रीत दोघे जण ओल्या चादरीची दोन टोके धरून ती गरम रुळांत सोडत होते आणि पलीकडून ती घडी होऊनच बाहेर येत होती. आम्ही दहा-बारा जण पाच मिनिटे उभे राहिलो. चादर धरलेल्या त्या दोघांतल्या एकाने माझ्याकडे पाहून मराठीत विचारले, “ताई, कुठल्या तुम्ही?” मी नेरुळ म्हटल्यावर तो नुसता हसला, कारण पुढची चादर आली होती.

आमच्याच इमारतीतल्या एका काकूंचा मुलगा अशाच एका जहाजावर लाँड्रीत आहे. नऊ-नऊ महिन्यांची त्याची चार कॉन्ट्रॅक्ट झाली, पण तो काम करतो ती जागा त्यांनी कधी पाहिलेली नाही. परत आल्यावर मी त्यांना चादरींचे, रुळांचे, त्या बोळाचे सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाच थांबवून विचारले, “फार उकडतं का गं तिथं?” मी हो म्हटले. त्या उठल्या आणि त्याला पाठवायच्या पिशवीत दोन सुती बनियन आणखी घातले.