चतुरांचे हिंदी महासागरावरील स्थलांतर

भारतीय उपखंडात पावसाळ्यात जन्मलेले चतुर ऑक्टोबरपासून मालदीव आणि सेशेल्स या बेटांवरून पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर भारतात परततात, या वार्षिक फेऱ्याला हे नाव दिले जाते. संपूर्ण फेरा १४,००० ते १८,००० किमीचा असावा, असा अंदाज आहे. तो कोणताही एक चतुर पुरा करत नाही. साधारण चार पिढ्या मिळून तो पूर्ण होतो.

हा प्रवास मुख्यतः पँटाला फ्लॅव्हेसेन्स या जातीचा आहे. योहान ख्रिस्तियान फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पिवळसर सोनेरी अंग, तांबूस डोळे, साडेचार सेंमीच्या आसपास लांबी आणि सुमारे ३०० मिलिग्रॅम वजन असा हा कीटक महाराष्ट्रात कुणाला नवा नाही. सप्टेंबरच्या उन्हात मैदानांवर, शेतांवर, इमारतींच्या गच्च्यांवर पंख न हलवता तरंगणारे थवे बहुतेक वेळा याच जातीचे असतात. इतर चतुर तळ्याकाठची एखादी काडी धरून बसतात, तिच्यावरून भांडतात. हा मात्र दिवसभर हवेत असतो. त्याच्या मागच्या पंखांचा बुडाकडचा भाग बराच रुंद असतो. त्यामुळे वाऱ्यावर तरंगताना ताकद कमी खर्च होते. हिमालयात ६,००० मीटरहून अधिक उंचीवरही त्याची नोंद झाली आहे.

या भटकेपणाचे मूळ त्याच्या प्रजननात आहे. मादी अंडी घालते ती पावसाने नुकत्याच भरलेल्या डबक्यांत, खाणीच्या खड्ड्यांत, भातखाचरांत. अशा पाण्यात डिंभांना, म्हणजे अंड्यांतून निघून पाण्यात वाढणाऱ्या पिलांना, खाणारे मासे नसतात, पण ते पाणी टिकतही नाही. म्हणून डिंभांची वाढ घाईने होते. पाणी ऊबदार असेल तर सुमारे सहा आठवड्यांत ती पूर्ण होते, तर चतुरांच्या काही जातींना यासाठी वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पंख फुटेपर्यंत डबके आटायला लागलेले असते आणि नव्या पिढीला दुसरीकडचा पाऊस गाठावा लागतो. या जातीला ठरावीक घर नाही, ती पावसाच्या मागे फिरते, असे म्हणायला हरकत नाही.

मालदीवमध्ये मात्र हा कीटक दिसणेच विचित्र आहे. सुमारे १,२०० प्रवाळ बेटांच्या या देशात नद्या नाहीत, तळी जवळजवळ नाहीत आणि पडलेला पाऊस वाळूतून खाली झिरपतो. चतुरांनी अंडी घालावीत असे गोडे पाणी तिथे नावापुरतेच. तरीही दरवर्षी ऑक्टोबरमध्ये माले शहरावर आणि आसपासच्या बेटांवर लाखो चतुर उतरतात. नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये त्यांची गर्दी सर्वाधिक असते आणि मग ते दिसेनासे होतात. एप्रिल ते जूनमध्ये पुन्हा दिसतात, पण फार कमी. स्थानिक लोकांना ही वेळ चांगली ठाऊक आहे. चतुर आले की ईशान्य मोसमी वारे जवळ आले, असे ते मानतात. यात काही कोडे आहे, हे मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी ओळखले. ते अनेक वर्षे चतुरांच्या येण्याजाण्याच्या तारखा टिपत राहिले आणि २००९ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हे चतुर भारतातून येतात आणि आफ्रिकेकडे जातात, असे त्यांचे म्हणणे होते. मासे आणि देवमासे अभ्यासणाऱ्या माणसाने कीटकशास्त्राला एवढी मोठी गोष्ट द्यावी, याचे नवल वाटते. पण वर्षभर बेटावर राहणारा, रोज आकाशाकडे पाहणारा निरीक्षक या कामाला हवाच होता.

अँडरसन यांच्या मांडणीतला अवघड भाग वाऱ्याचा होता. ऑक्टोबरमध्ये मालदीवला जमिनीलगत वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे भारताकडून येणाऱ्याला तो उलटाच. दक्षिण भारतापासून ही बेटे ५०० ते १,००० किमी दूर. या वाऱ्याला तोंड देत एवढा समुद्र ओलांडणे एवढ्याशा कीटकाला शक्य नाही. याचे उत्तर उंचीवर सापडते. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील वारे जिथे एकत्र येतात तो आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा या महिन्यांत दक्षिणेकडे सरकत असतो. त्याच्या मागे, जमिनीपासून १,००० मीटरहून अधिक उंचीवर, ईशान्येकडचे वारे सुरू झालेले असतात. खाली वारा पश्चिमेचा असतानाही वरून जाणाऱ्या चतुरांना पाठीमागून रेटा मिळतो. हा पट्टा जसजसा दक्षिणेला सरकतो तसतसे चतुरही पुढे जातात. नोव्हेंबरमध्ये ते सेशेल्सच्या उत्तर भागात आणि डिसेंबरमध्ये आफ्रिकेच्या अधिक जवळ असलेल्या अल्डाब्रा बेटावर दिसतात. हाच पट्टा पाऊसही आणतो. त्यामुळे वारा जिथे नेऊन सोडतो तिथे डबकी भरलेली सापडण्याची शक्यता दांडगी असते. दिशा शोधण्याचे निम्मे काम हवामानच करते.

आफ्रिकेत पोचलेली पिढी पूर्व आफ्रिकेच्या वर्षअखेरीच्या पावसात अंडी घालते. तिची संतती आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या उन्हाळी पावसाकडे जाते आणि त्यापुढची पिढी मार्च ते मे या काळातल्या पावसासाठी पूर्व आफ्रिकेत परतते. तिथून अरबी समुद्रावरून भारताकडे वाहणारा सोमाली झोत हा वेगवान वारा चतुरांना घेऊन येतो. हाच झोत आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस घेऊन येतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला डबक्यांवर घिरट्या घालणाऱ्या चतुरांपैकी काहींचा जन्म आफ्रिकेतला असणार, तो यामुळेच.

हा सगळा मार्ग कोणी एका चतुराचा माग काढून सिद्ध केलेला नाही. चतुराच्या वजनाला पेलेल आणि तरी उपग्रहाशी बोलेल असे यंत्र उपलब्ध नाही. पुरावा आहे तो तारखांचा, वाऱ्यांचा आणि रसायनशास्त्राचा. पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचे, म्हणजे हायड्रोजनच्या अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण प्रदेशानुसार बदलते आणि डिंभ ज्या पाण्यात वाढला त्याची खूण प्रौढाच्या पंखांत राहते. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांची अशी तपासणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचा जन्म दक्षिण भारतात नव्हे, तर उत्तर भारत, नेपाळ, बांगलादेश किंवा त्याहून पलीकडे झालेला निघाला. म्हणजे मालदीवला पोचेपर्यंतच त्यांनी सारा उपखंड ओलांडलेला असतो. २०१६ मधील एका जनुकीय अभ्यासात अमेरिका, जपान, कोरिया, भारत अशा दूरदूरच्या ठिकाणच्या चतुरांमध्ये इतके साम्य आढळले, की जगभरची ही सारी प्रजा आपसांत मिसळत असावी. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला. अंगात साठवलेल्या चरबीवर हा कीटक सुमारे ९० तास उडू शकतो. मालदीव ते आफ्रिका हे दोन हजार किमीहून अधिक अंतर त्याला स्वतःच्या बळावर झेपणारे नाही. वाऱ्याची साथ मिळाली आणि निघण्याची वेळ साधली तरच ते पार होते. बाकीचे समुद्रात पडतात. हे नुकसान प्रचंड असणार, पण एक मादी शेकडो अंडी घालते.

या वाटेवर चतुर एकटे नसतात. नागालँडमध्ये ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये हजारोंनी जमणारे अमूर ससाणे त्याच हंगामात महाराष्ट्रावरून जाऊन अरबी समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेकडे निघतात. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, कीटक खाणारा हा पक्षी खुल्या समुद्रावर काय खात असेल? उडत्या चतुरांवर त्याचा निर्वाह होत असावा, असे अँडरसन यांनी सुचवले. वेळ, दिशा आणि उंची या तिन्ही गोष्टी जुळतात, त्यामुळे ही कल्पना पटण्याजोगी आहे. नीलपंख, वेडे राघू आणि काही कोकिळवर्गीय पक्षीही याच सुमारास या भागातून जातात. आपल्याकडे पावसाची वाट पाहणारा म्हणून कवींनी गाजवलेला चातकही आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांसोबतच येतो.

समुद्र ओलांडणारे कीटक इतरही आहेत. ऑक्टोबर १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील वाळवंटी टोळ अटलांटिक ओलांडून सुमारे ५,००० किमी दूर कॅरिबियन बेटांवर पोचले. १८८३ च्या स्फोटाने उजाड झालेल्या क्राकाटाऊ या इंडोनेशियातील ज्वालामुखी बेटावर नऊ महिन्यांनी गेलेल्या फ्रेंच मोहिमेला सापडलेला एकमेव जीव म्हणजे जाळे विणणारा एक लहान कोळी. कोळी हा कीटक नव्हे, पण तोही हवेतूनच आला होता. मात्र टोळ आणि कोळी यांचे असे येणे बहुतांशी एकमार्गी असते. परतीची वाट असलेले आणि दरवर्षी त्याच वेळेला होणारे स्थलांतर म्हणून चतुरांचे उदाहरण वेगळे ठरते.

ही जात पॅसिफिकमध्येही पसरली आहे आणि तिथल्या एका बेटावर तिने उलटा मार्ग धरला. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किमीहून दूर असलेल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर हा एकमेव चतुर आहे. जुन्या ज्वालामुखींच्या विवरांत साचलेली तळी तिथे आहेत, त्यामुळे प्रजननाची सोय कायमची आहे. पण भोवती दूरवर दुसरी भूमी नाही. इथे उंच उडून वाऱ्यावर स्वार होणे म्हणजे समुद्रात मरणे. इथले चतुर इतर ठिकाणच्या भाईबंदांपेक्षा काळसर असतात, जमिनीलगत उडतात आणि वारा वाढला की खाली बसतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवले आहे. जे वर गेले ते वाहून गेले, जे खाली राहिले त्यांचीच संतती वाढली, अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या होत आली असावी. हा फरक पडूनही त्यांना पँटाला फ्लॅव्हेसेन्स याच जातीत धरले जाते.