पात्यांचं बॅलन्सिंग आणि ट्रॅकिंग: थरथर एक, कारणं दोन

रिमोटवरच्या हेलिकॉप्टरचं किट जोडून झालं, रोटरने वेग घेतला आणि अख्खं मशीन थरथरायला लागलं की नवखा माणूस लगेच म्हणतो, "पाती बॅलन्स नाहीत." असतीलही तसं. पण ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पात्यांचं एकाच पातळीत फिरणं, चुकलं तरी मशीन थरथरतं, आणि दोन्हींचा इलाज अगदी वेगळा आहे. माझ्या पहिल्या किटवर मी दोन संध्याकाळी पात्यांना टेप चिकटवत बसलो होतो. दोष होता एका लिंकच्या, म्हणजे पात्याचा कोन ठरवणाऱ्या काडीच्या, लांबीत.

बॅलन्सिंग म्हणजे वजनाचा हिशेब. दोन्ही पात्यांचं वजन सारखं हवं, आणि त्यांचा तोलबिंदूही मुळापासून सारख्याच अंतरावर हवा. हे दुसरं बरेच जण विसरतात. काट्यावर दोन पाती हुबेहूब जुळली, पण एक टोकाकडे जड आणि दुसरं मुळाकडे जड असलं, तर फिरताना दोघांची ओढ सारखी राहत नाही. म्हणून आधी प्रत्येक पातं धारेवर आडवं ठेवून तोलबिंदू शोधा आणि खूण करा. दोन खुणांमध्ये फरक निघाला तर ज्या पात्याचा बिंदू मुळाच्या जवळ आहे, त्याच्या टोकाकडे टेप लावत दोन्ही अंतरं सारखी करा. वजन त्यानंतर जुळवायचं, आणि त्यासाठीची टेप हलक्या पात्याच्या बरोबर तोलबिंदूवर लावायची, म्हणजे आधीची मेहनत बिघडत नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला? आसापासून 16 सेंटीमीटरवर एका ग्रॅमचा फरक राहिला, तर मिनिटाला 2500 फेऱ्यांच्या वेगात तो साधारण 11 न्यूटनने, म्हणजे किलोभर वजनाहून जास्त जोराने, शाफ्टला एका बाजूला ओढतो. आणि ही ओढ सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा गोल फिरते. बेअरिंग आणि जायरो (मशीन स्थिर ठेवायला मदत करणारा सेन्सर) दोघांनाही ते सोसवत नाही.

ट्रॅकिंगचा प्रश्न वजनाचा नाही, पातळीचा आहे. एका पात्याचा पिच कोन, म्हणजे त्याचा तिरपेपणा, जरा जास्त असला की ते जास्त उचल घेतं आणि दुसऱ्याच्या वरून फिरतं. बाजूने पाहिलं तर फिरत्या पात्यांच्या चकतीची कड एका रेघेऐवजी दोन रेघांची दिसते. नुसत्या बॅलन्सच्या दोषाने असं होत नाही, म्हणून निदान इथेच करावं. मात्र हे पाहायचं ते अगदी कमी उंचीच्या हॉव्हरमध्ये (हवेत एका जागी तरंगताना), गॉगल लावून, चांगलं लांब उभं राहून. पातं निसटलं तर ते त्याच पातळीत सुटतं. जवळ वाकून बघण्याचा मोह कधीही करू नका.

इलाज लिंकमध्ये आहे. 2 मिलिमीटरच्या रॉडचा आटा सहसा 0.4 मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात लांबी तेवढी बदलते. पिच आर्म (लिंक जोडलेला, पात्याला तिरपं करणारा दांडा) दोन सेंटीमीटरचा धरला तर बॉल लिंकचा, म्हणजे रॉडच्या टोकावरच्या जोडाचा, अर्धा फेरा म्हणजे कोनात जेमतेम अर्धा अंश. तेवढ्यानेही दोन रेघांची एक होऊ शकते, म्हणून अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानेच जा.

क्रम एवढा पाळा: बॅलन्सिंग टेबलावर, आधी, ट्रॅकिंग हवेत, नंतर. कुठलं पातं वर आहे ते ओळखायला टोकांना दोन रंगांची टेप लावतात. ती दोन्हीकडे एकाच लांबीची, टोकापासून सारख्याच अंतरावर लावा, कारण त्या टेपलाही वजन असतं.