बॅस मासेमारीची अनेक दिवसांची स्पर्धा: टेक्सासमध्ये कोण उतरू शकतं, कोणती कागदपत्रं लागतात, अर्ज कसा करायचा

आधी एक गैरसमज दूर करू. ‘बॅस’ म्हटलं की रायगडकडच्या माणसाला जिताडा आठवतो, कारण बाजारात जिताड्याला ‘एशियन सी बॅस’ म्हणतात. इथला विषय तो नाही. अमेरिकेतल्या स्पर्धा होतात त्या गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड बॅसच्या. हा मासा खाण्यासाठी नव्हे, तर मापून, तोलून, जिवंत परत सोडण्यासाठी पकडतात. लहानपणी खाडीवर तंगूस आणि गरी घेऊन गरवायला गेलेल्या आपल्या लोकांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं. मलाही वाटलं होतं. पण एकदा गोडी लागली की सुटत नाही, आणि मग प्रश्न येतो: स्पर्धेत उतरायचं कसं?

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनमधले मराठी मित्र हा प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून टेक्सास डोळ्यांसमोर ठेवून सगळं एकत्र लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो. दोन-तीन दिवसांच्या स्पर्धेतून नवखा माणूस बाहेर पडतो तो बऱ्याचदा कागदामुळे, माशामुळे नव्हे. एका दिवसाची स्पर्धा असेल तर एका दिवसापुरती कागदपत्रं नीट असली की भागतं. इथे सरावाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या वजनापर्यंत प्रत्येक कागद चालू असावा लागतो.

कोणत्या स्पर्धेत उतरायचं?

नवख्यासाठी सर्वात सोपी म्हणजे ‘बिग बॅस’ प्रकारची हौशी स्पर्धा. टेक्सासमध्ये १९८४ पासून चालत आलेली ‘बिग बॅस स्प्लॅश’ हे तिचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे पाच माशांची बेरीज नसते, एकच मोठा मासा तोलायला आणायचा असतो आणि दर तासाला बक्षिसं असतात. पात्रता फेरी नसते.

दुसरा प्रकार मालिकांचा. मेजर लीग फिशिंग या संस्थेची बॅस फिशिंग लीग, म्हणजे बीएफएल, शनिवार-रविवारच्या हौशी लोकांसाठी आहे. तिच्यातल्या बहुतेक स्पर्धा एका दिवसाच्या असतात, काही दोन दिवसांच्या. इथे ‘बोटर’ आणि ‘को-अँगलर’ अशा दोन गटांत नाव नोंदवता येतं. बोटर स्वतःची बोट आणतो आणि ती कुठे न्यायची ते ठरवतो. को-अँगलर चिठ्ठीने ठरलेल्या बोटरच्या बोटीत मागच्या बाजूला उभा राहून गळ टाकतो. दोघांची स्पर्धा एकमेकांशी नसते. को-अँगलरची बक्षिसं वेगळी आणि प्रवेश शुल्कही बरंच कमी.

तिसरा रस्ता व्यावसायिकांचा. बी.ए.एस.एस. या संस्थेच्या बॅसमास्टर ओपन्समधून एलिट मालिकेत आणि तिथून बॅसमास्टर क्लासिक या त्यांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेपर्यंत. बी.ए.एस.एस.चे संस्थापक रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सॉमधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली आणि १९७१ मध्ये लेक मीडवर पहिलं क्लासिक झालं. तेव्हा बक्षीस १०,००० डॉलर होतं. अलीकडच्या वर्षांत विजेत्याला ३,००,००० डॉलर मिळतात. ‘ओपन’ या नावाप्रमाणे दार सर्वांना उघडं आहे, पण शुल्क, प्रवास आणि सुट्ट्या यांचा हिशेब केल्याशिवाय तिकडे वळू नये.

माझं स्पष्ट मत: बोट विकत घेण्याआधी एक पूर्ण मोसम को-अँगलर म्हणून काढा. मागे उभं राहून अनुभवी माणूस तळं कसं वाचतो हे जेवढं शिकायला मिळतं, तेवढं कुठल्याही व्हिडिओतून मिळत नाही.

पात्रता

नागरिकत्वाची अट सहसा नसते. वयाची असते: मालिकांमध्ये साधारणपणे १६ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि १८ पेक्षा लहान असेल तर आई किंवा वडिलांची सही लागते. मालिकेत उतरायचं तर त्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं लागतं आणि ते स्पर्धेच्या दिवशी चालू असावं लागतं. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी वेगळ्या मालिका आहेत, त्यांचे नियमही वेगळे.

व्हिसावर असलेल्यांनी मात्र पुढचं नीट वाचावं. गळ टाकायला व्हिसा आड येत नाही. गुंतागुंत होते ती पैशाची. कंपनीचा लोगो छातीवर लावून मोबदला घेणं हे सरळसरळ काम आहे, आणि एच-१बीवरच्या माणसाला आपल्या नियोक्त्याशिवाय दुसऱ्याचं काम करता येत नाही. वर्क परमिट नसलेल्या एच-४ जोडीदारालाही तेच लागू. नुसत्या बक्षिसाच्या रकमेबाबत इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला आधीच घ्यावा, जिंकल्यावर नव्हे. भारतातून फक्त स्पर्धेसाठी येणाऱ्यासाठी, बक्षिसाखेरीज कुठलाही पगार वा मानधन नसेल तर बी-१ व्हिसाची तरतूद आहे. निर्णय अर्थात वकिलातीचा.

मासेमारीचा परवाना

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, बाकी जवळपास सर्वांना लागतो. स्पर्धेचं शुल्क भरलं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. तो राज्याच्या टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाकडून स्वतंत्र घ्यायचा. राज्यात सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहत असाल तर रहिवाशाचा कमी दर लागतो. सोबत गोड्या पाण्याचं एंडोर्समेंट, म्हणजे जोड-परवानगी, असलेलं पॅकेज घ्या. एका दिवसाचा परवानाही मिळतो आणि त्याला लागून पुढचे दिवस वाढवता येतात, पण तीन दिवसांची स्पर्धा आणि दोन दिवसांचा सराव असेल तर वर्षाचा परवानाच घ्यावा.

अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारतात तेव्हा बरेच जण दचकतात. माशाचा आणि त्याचा काय संबंध? संबंध मुलांच्या पोटगीशी आहे. पोटगी थकवणाऱ्यांना शोधता यावं म्हणून केंद्रीय कायद्याने राज्यांना करमणुकीच्या परवान्यांच्या अर्जावरही हा क्रमांक नोंदवायला लावलं. ज्यांना असा क्रमांक मिळालेलाच नाही, उदाहरणार्थ अनेक एच-४ धारक, त्यांनी ऑनलाइन अर्जात अडकून न बसता परवाने देणाऱ्या दुकानात पासपोर्ट घेऊन जावं आणि विचारावं.

सीमेवरची तळी वेगळी. लेक टेक्सोमाचं पाणी टेक्सास आणि ओक्लाहोमा दोघांचं आहे. फक्त टेक्सासचा परवाना असेल तर पलीकडच्या पाण्यात गळ टाकता येत नाही. दोन्हीकडे चालणारा टेक्सोमाचा खास परवाना मिळतो. स्पर्धेत मासे कुठल्या बाजूला सापडतील हे आधी कळत नाही, म्हणून तो घेतलेला बरा.

बोट आणणाऱ्यांसाठी

बोटीच्या नोंदणीचं कार्ड, ट्रेलरची नोंदणी आणि विम्याचा पुरावा. विमा हा इथला सर्वात नाजूक कागद. घराच्या विम्यात बोट येते असं समजून लोक येतात आणि नोंदणीच्या टेबलावर अडतात. स्पर्धेला उत्तरदायित्वाचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा, विमा हवा असतो, किमान रक्कम नियमपत्रिकेत दिलेली असते, आणि पॉलिसीत स्पर्धेतला वापर वगळलेला नाही ना हे स्वतः वाचून घ्यावं लागतं. माझ्या ओळखीच्या एकाची पॉलिसी स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. पहिल्या दिवसाचा कागद चालला असता, पण आयोजकांना सर्व दिवसांचा हवा होता. त्याने पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर नूतनीकरण केलं, तोवर स्पर्धकांची बैठक सुरू झाली होती.

१ सप्टेंबर १९९३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनी टेक्सासमध्ये १५ हॉर्सपॉवरपेक्षा मोठं इंजिन चालवायचं तर बोटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. तो अभ्यासक्रम ऑनलाइन होतो. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. किल स्विचची, म्हणजे चालवणारा पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी अंगाला अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक बोटींना केंद्रीय नियमानेच बंधनकारक आहे. स्पर्धेत तर मुख्य इंजिन चालू असेपर्यंत ती दोरी आणि लाइफ जॅकेट दोन्ही अंगावर हवीत. पहाटे सुटण्याआधी किल स्विच आणि लाइव्हवेलची, म्हणजे मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीची, तपासणी होते.

अर्ज

पहिलं काम नियमपत्रिका डाउनलोड करून सावकाश वाचणं. सर्वसाधारण नियम आणि त्या तळ्याचे खास नियम असे दोन कागद असतात. लोक पहिलाच वाचतात. मग सभासदत्व, मग गट निवडून ऑनलाइन अर्ज आणि शुल्क. जागा भरल्या असतील तर प्रतीक्षा यादी असते. पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतात ती तारीख लिहून ठेवा. अर्जावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच द्या: आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि परवान्यावर एक, अर्जावर दुसरं असं झालं की बक्षिसाच्या वेळी घोळ होतो.

सही करताना तुम्ही आणखी दोन गोष्टी मान्य करत असता. एक, अपघाताची जबाबदारी तुमची. दुसरी, आयोजकांनी सांगितलं तर पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडणारी चाचणी, द्यायची. घाबरायचं कारण नाही; विजेत्यांना ती नेहमीचीच. फसवणुकीला मात्र टेक्सासमध्ये कायदाच आहे: १०,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत फसवणूक हा २ ते १० वर्षं कैदेचा गंभीर गुन्हा ठरतो. ओहायोत सप्टेंबर २०२२ मध्ये माशांच्या पोटात शिसं भरणाऱ्या दोघांना तुरुंगात जावं लागलं, बोटही गेली. व्हिसावरच्या माणसाचं अशा शिक्षेने इथलं राहणंच धोक्यात येईल.

अर्ज भरला की एक बंधनही येतं, जे आपल्या लोकांच्या सहज लक्षात येत नाही. ठरावीक तारखेपासून स्पर्धकांसाठी तळं बंद असतं, आणि मोठ्या मालिकांत त्या काळात इतरांकडून माशांच्या जागांची माहिती घेणंही बंद. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘अरे, या आठवड्यात कुठे लागतायत?’ असं विचारणंही नियमभंग ठरू शकतं.

आदल्या दिवशी आणि स्पर्धेत

आदल्या दिवशी नोंदणी आणि बैठक असते. तिला उशिरा गेलात तर दंड किंवा थेट नाव रद्द. छायाचित्र असलेलं ओळखपत्र, परवाना, सभासद कार्ड, बोटरने विमा आणि नोंदणी, असं सगळं एका पाण्यात न भिजणाऱ्या पाकिटात ठेवा. फोनवरच्या प्रतीबरोबर कागदी प्रतही. को-अँगलरला तिथेच जोडीदार कळतो आणि दुसऱ्या दिवशी तो बदलतो. पेट्रोलच्या खर्चातला वाटा आपणहून पुढे करावा.

पाच माशांची मर्यादा असते. सहावा लागला की एक लगेच सोडायचा. आमिष कृत्रिमच. माप तोंड मिटवून, शेपटी चिमटीत धरून घ्यायचं. परतायला उशीर झाला तर बॅसमास्टरच्या नियमांत मिनिटाला एक पौंड कापतात आणि १५ मिनिटांपलीकडे त्या दिवसाचे सगळे मासे बाद. मेलेल्या माशामागेही वजन कापलं जातं. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. पकडलेला मासा जिवंत सोडायची प्रथा स्कॉट यांनी १९७२ मध्ये स्पर्धांत आणली, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापू न देणं हे त्या माशाचं आपल्यावरचं ऋण आहे.

लेक फोर्कवर उतरणार असाल तर एक वेगळी अट पाठ करा: १६ ते २४ इंचांमधला बॅस ठेवताच येत नाही, तिथल्या तिथे सोडायचा. १६ किंवा त्याखालचा चालतो, आणि २४ किंवा त्यावरचा दिवसाला एकच. राज्याचा विक्रमी १८.१८ पौंडांचा बॅस १९९२ मध्ये याच तळ्यात सापडला.

वजनकाटा तळ्यापासून दूर असेल तर आयोजकांकडून सहभागाचा लेखी पुरावा मागून घ्या. झेब्रा मसल या शिंपल्याचा फैलाव रोखण्यासाठी टेक्सासमध्ये तळ्याचं पाणी बोटीतून बाहेर नेता येत नाही. स्पर्धकाला मासे काट्यापर्यंत नेण्यापुरती सूट आहे, पण तो कागद जवळ असेल तरच. काट्यावरून निघण्याआधी पाणी पूर्ण काढून टाकायचं.

बक्षीस मिळालं तर

करासाठी डब्ल्यू-९ फॉर्म भरावा लागतो. कराच्या दृष्टीने अनिवासी असाल तर डब्ल्यू-८बेन, आणि बक्षिसातून साधारण ३० टक्के कापून घेतात. बक्षीस बोट असेल तर तिच्या बाजारभावावर कर लागतो. नवी बोट मिळाली म्हणून आनंदात असलेल्यांना हे एप्रिलमध्ये जड जातं.

एक तारीख राहिली. टेक्सासचे बहुतेक परवाने कधीही काढले तरी ३१ ऑगस्टलाच संपतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या माझ्या पहिल्या स्पर्धेत सराव ऑगस्टच्या शेवटच्या दोन दिवसांत झाला होता, तो जुन्या परवान्यावर. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मी तिथेच फोनवरून नवा काढला. सराव ऑगस्टमध्ये आणि स्पर्धा सप्टेंबरमध्ये असेल तर सहसा दोन परवाने लागतात, एक सरावाचा आणि एक स्पर्धेचा, आणि नवीन वर्षाचे परवाने ऑगस्टच्या मध्यापासूनच विक्रीला येतात.